एकशे वीस पावलं

मोजणीदार नोकरीत होता तेव्हा सख्ख्या भावांच्या भांडणात उभा राहून वीतभर जागेचा निकाल लावायचा आणि कोणाच्या बापाला भ्यायचा नाही. निवृत्त झाल्यावर मात्र एका ओळीने त्याच्या तोंडाला फेस आणला.

"टपाल कचेरीच्या दारापासून पूर्वेस एकशे वीस पावले, भर रस्त्यात." हवालदाराने लिहिलेल्या पंचनाम्यातली ही ओळ. त्याचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, टपालाची थैली नेत असताना तिच्यासाठी त्यांचा खून झाला, ती ही जागा. उद्या नगरपालिका तिथे त्यांच्या नावाचा दगड बसवणार होती. आईचं वय ब्याऐंशी. खुनानंतर आठवड्याभरात तिच्या मामाने तिला दुसरीकडे नेलं होतं, आणि त्या रस्त्यावर ती पुन्हा कधी फिरकली नव्हती. निदान आता तिला हात टेकायला खरी जागा मिळावी, एवढंच त्याने मनाशी धरलं होतं.

अडीच फुटांचं पाऊल धरून तो तीनशे फूट मोजायचा आणि थेट सलूनमध्ये शिरायचा. रस्ता त्याच्या बराच आधी वळत होता. जुन्या नकाशातही तो तिथेच वळत होता. हवालदार बुटका धरला तर टेप औषधाच्या दुकानात, खोकल्याच्या बाटल्यांपाशी. जागा काही भर रस्त्यात येईना.

"काका, रोज येताच आहात तर दाढी तरी करून घ्या," न्हावी म्हणाला.

पालिकेच्या इंजिनिअरने तर कमाल केली. "अहो, दोन-चार फूट इकडे की तिकडे, काय फरक पडतो? 'या परिसरात' असं लिहू."

"तुमची भिंत दोन-चार फूट शेजाऱ्याच्या हद्दीत गेली म्हणजे कळेल फरक!" मोजणीदार ओरडला. पण ओरडून जागा सापडते थोडीच! घरी येऊन त्याने टेप भिरकावली.

आईपासून त्याने हे सगळं लपवलं होतं. उगाच खपली कशाला काढा. पण कपडे भिजवताना तिने खिशातली पंचनाम्याची नक्कल केव्हाच वाचली होती.

"कोणाची पावलं धरलीस?" तिने विचारलं.

"हवालदाराची. आणखी कोणाची?"

"अरे शहाण्या, मी होते ना बरोबर. सहा वर्षांची. बाबांचा डबा घेऊन कचेरीच्या दारात बसले होते. बातमी आली तशी हवालदाराचं बोट धरलं ते सोडेचना. मी रडू नये म्हणून ते माझ्या पावलागणिक मोठ्याने आकडे म्हणत होते."

मोजणीदाराने कपाळाला हात लावला. तीन आठवडे! "मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

ऊन उतरायच्या आत दोघं टपाल कचेरीच्या दारात उभी राहिली. तो टेप उलगडायला लागला, तर आईने ती बाजूला सारली. "राहू दे. गुडघ्यांनी माझी पावलं पुन्हा तेवढीच करून ठेवलीत."

त्याचं बोट धरून ती निघाली. ती मोजत होती आणि तो मागून घंटी वाजवणाऱ्या सायकलवाल्यांवर खेकसत होता. घड्याळदुरुस्तीच्या दुकानासमोर, भर रस्त्यात, एकशे अठरावर ती थांबली.

"अजून दोन," तो म्हणाला.

"ती माझी नाहीत. इथे हवालदारांनी मला उचललं आणि तोंड खांद्यात दाबून धरलं. एकशे एकोणीस, एकशे वीस नुसतं कानावर पडलं." तिने त्याचं बोट सोडलं. "ती मोठ्या माणसाची आहेत. तू टाक."

मोजणीदाराने खिशातून खडू काढला आणि एक पाऊल टाकलं. दुसरं काही लवकर उचलेना.