अप्पांच्या कॉलची फाइल

माझं काम घरी समजावून सांगायचं म्हणजे पंचाईतच. नेटवर्कवरून जे काही जातं, अगदी फोनवरचं बोलणंसुद्धा, ते बारीक तुकडे होऊन जातं. त्या तुकड्यांना पॅकेट म्हणतात. कुठे बिघाड झाला की मी ती पॅकेटं पकडून फाइलमध्ये साठवतो आणि बघत बसतो. अम्मा शेजारणींना सांगते, "तो चेन्नईला टपालातलं कायतरी करतो." तिची चूक सुधारायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

आम्ही पिढ्यान्पिढ्या तंजावरला राहणारे मराठी. तिथल्या घरी इंटरनेटवरचा फोन मीच बसवला होता. त्यात माझ्या वडिलांचा, अप्पांचा, आवाज तुटायचा आणि ते माझ्यावरच खेकसायचे. म्हणून एकदा, माझ्या बायकोला दिवस गेले होते तेव्हा, त्यांच्याशी बोलता बोलता मी ऑफिसातल्या यंत्रावर तो कॉल पकडला. नेमकं त्याच कॉलमध्ये त्यांनी सांगितलं, "मुलगी झाली तर माझ्या आईचं नाव ठेवा." मग जरा थांबून ते नाव घेतलं.

पुढे घशाच्या कर्करोगात त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. आता श्वास गळ्याच्या भोकातून जातो. आवाज नाही, कुजबुजही नाही. मुलगीच झाली. आमच्या घरी बारशाला बाळाच्या कानात नाव आजोबा सांगतात, तीन वेळा. ताटातल्या तांदळात अंगठीने ते लिहायचं कामही त्यांचंच. लिहायला अप्पा तयार होते, तमिळ अक्षरांत, कारण देवनागरी आमच्याकडे कोणालाच धड येत नाही. पण अम्मा ऐकेना.

"लिहिलेलं लेकरू ऐकतं का? तुझ्या फायलीत त्यांचा आवाज आहे म्हणालास की. काढ तो."

घरातल्या जुन्या व्हिडिओत अप्पा फक्त "पुरे, बंद कर" एवढंच म्हणतात. हल्ली यंत्राकडून हुबेहूब आवाज बनवून मिळतो, तसं करू या का, असं विचारलं तर अप्पांनी हात असा झटकला की विषयच मिटला. उरली ती फाइल.

बारशाच्या आदल्या दुपारी मी कूडममध्ये, म्हणजे आमच्या मधल्या मोठ्या खोलीत, लॅपटॉप घेऊन बसलो. बायको आणि लेक दुसऱ्या दिवशी पापनाशमहून, तिच्या माहेरून, यायच्या होत्या. फाइल होती ऑफिसातल्या त्या यंत्राच्या स्वतःच्या प्रकारातली, आणि ते यंत्र मध्यंतरी भंगारात गेलं होतं. सगळीकडे चालणाऱ्या प्रकारात ती बदलून घेतल्याशिवाय उघडणार नव्हती. बदलणारा प्रोग्रॅम प्रकारच ओळखू येत नाही म्हणून हटून बसला. मी यंत्र बनवणाऱ्यांना मराठीत शिव्या दिल्या, मग तमिळमध्ये. तमिळ शिव्यांनी जास्त बरं वाटतं. शेवटी प्रकार मी हाताने सांगितला आणि फाइल बदलली. पॅकेटं रांगेत दिसायला लागली. आमच्या घरून निघालेली, चेन्नईला पोचलेली, क्रम बरोबर, वेळ बरोबर.

"अम्मा, आलं!" मी ओरडलो. कशाला ओरडलो कोण जाणे. अम्मा हात पुसत आली, अप्पा झोपाळ्यावरून उठून आले, आणि दोघं माझ्या पाठीशी उभे राहिले.

मी आवाज लावला. काहीच नाही.

प्रत्येक पॅकेटसमोर दोन लांब्या लिहिलेल्या असतात, तारेवरून गेलं तेव्हाची आणि साठवलं तेव्हाची. साठवलेली अगदीच तोकडी होती. बदलताना सांडलं असेल म्हणून मूळ फाइल चाळली, तिच्यातही तेच. आमच्या धंद्यात पॅकेटचं फक्त वेष्टण ठेवायची रीत आहे: कुठून आलं, कुठे गेलं, कितवं. आतलं बोलणं यंत्र तिथल्या तिथे टाकून देतं, कारण लोक काय बोलतात ते आपलं नव्हे. चांगली रीत आहे. मीच नव्या पोरांना ती शिकवतो, आणि आपल्याच कॉललाही ती लागू झाली असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या दुपारी मला तिचा भयंकर संताप आला.

माणूस बोलायचा थांबला की त्या फोनवरून पॅकेटंही थांबतात. त्यामुळे अप्पा कुठे बोलले आणि कुठे गप्प राहिले, तेवढं पडद्यावर स्वच्छ दिसत होतं. एके ठिकाणी बरंच बोलणं, मग थांबा, मग एक इवलासा तुकडा.

"हेच का रे नाव?" अम्माने विचारलं.

"असेल."

"मग वाजव की."

"आत काही नाही अम्मा."

तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि ते उचलेचना. अप्पांनी माझ्या खांद्यावर थोपटलं, आणि उद्याचे तांदूळ निवडायला सूप घेऊन बसले. मला रडू येत होतं, आणि त्यांच्यासमोर रडायची लाज वाटत होती.

बारशाला अप्पांनी तांदळात नाव लिहिलं. मग मी लेकीला पुढे धरलं आणि ते तिच्या कानाशी वाकले. ओठ हलले. त्यांच्या तोंडातून आता वाराही येत नाही, तेव्हा तिच्या कानापर्यंत काहीच पोचलं नसणार. पुन्हा हलले. तिसऱ्या वेळी ते आधी थांबले, फोनवर थांबले होते तसे, आणि मग नाव घेतलं. लेक माझ्याकडे बघत होती. सगळेच माझ्याकडे बघत होते. अम्माने मला कोपराने ढोसलं, "तू तरी म्हण." मी तोंड उघडलं, आणि माझाही आवाज फुटेना.