शिडाच्या बोटीवरचे झाकण

या सदरातले गूढ अनुभव मी आजवर एकाच हेतूने वाचत आले — सांगणाऱ्याची चूक नेमकी कुठे झाली, हे शोधण्यासाठी. बहुधा ती तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडतेच. म्हणूनच हे लिहिताना संकोच वाटतो... माझी चूक मला अजून सापडलेली नाही.

मी मेकॅनिकल इंजिनीयर. मूळची वरूडची, अमरावतीत यंत्रांच्या कंपनांची तपासणी करून देण्याचा स्वतंत्र व्यवसाय नुकताच सुरू केला आहे. गेल्या हिवाळ्यात पहिले काम आले ते मोर्शीजवळच्या धरणावरून. मुलींना शिडाची बोट चालवायला शिकवणारा एक गट तिथे आहे. वारा पडला की काठाला परतण्यासाठी त्यांच्या जुन्या बोटीत एक लहान डिझेल इंजिन बसवलेले होते आणि ते काही दिवसांपासून विचित्र वाजत होते. कारण शोधायचे, दुरुस्त करायचे आणि ‘वापरास योग्य’ असे लिहून सही द्यायची, एवढेच माझे काम. रविवारी सकाळी नऊच्या सुमारास बारा मुली लाइफ जॅकेट घालून त्या सहीची वाट पाहत काठावर उभ्या होत्या.

“पोट बिघडलं याचं,” बोट सांभाळणारे किसनकाका इंजिनकडे बोट दाखवत म्हणाले. “तुमी डाक्टर. पाहा आता.”

आवाज तासाभरात सापडला. इंजिन ज्या रबरी पायांवर बसते, त्यांपैकी एकाचा बोल्ट सैल होता. आवळताच धडधड थांबली. लॅपटॉपवरचा आलेख स्वच्छ, तापमान योग्य, तेलाचा दाब योग्य. इंजिन थंड ठेवणारे पाणीही मागून नीट बाहेर पडत होते. मी पेन उघडले.

“हे झाकन कायचं वाजून राह्यलं, मॅडम?” किसनकाकांनी विचारले.

मग मलाही ऐकू आले. टिण्... टिण्... टिण्...

हा आवाज मी लहानपणापासून ओळखते. आमच्या विहिरीवरच्या डिझेल इंजिनच्या धुराड्यावर बाबा तारेने पत्र्याचे झाकण अडकवत. प्रत्येक ठोक्याला ते उडे आणि वाजे. संत्र्याच्या बागेच्या दुसऱ्या टोकाला असलो तरी इंजिन चालू असल्याचे कळे. विहिरीतले पाणी तुटले की भार हलका होऊन इंजिन पळू लागे आणि झाकण घाईने वाजे. मग हातातले टाकून विहिरीकडे धावायचे, हा आमच्या घरचा नियम.

बोटीवर मात्र झाकण नव्हते. तिथे धूर पाण्यात मिसळून रबरी नळीतून बाहेर जातो. वाजावा असा पत्राच नाही. मी प्रत्येक भाग चाचपला. सेन्सरवर त्या आवाजाची खूणसुद्धा नव्हती. मोबाइलवर रेकॉर्डिंग केले — त्यातही फक्त इंजिन.

“मॅडम, ऊन चढून राह्यलं!” काठावरून प्रशिक्षक ओरडले. “निघाचं का नाई?”

सगळी मोजमापे ‘हो’ म्हणत होती. पहिल्याच कामात, कुणी विचारले तर सांगता येणार नाही अशा कारणासाठी बोट अडवायची?

तेवढ्यात ते झाकण घाईने वाजू लागले. टिण्टिण्टिण्टिण्... मी इंजिनच्या वेगाच्या काट्याकडे पाहिले. तो जागचा हललेला नव्हता.

मी इंजिन बंद केले.

“काहून बंद केलं?”

“पाणी बघायचंय, काका.” कोणते पाणी, हे मलाही ठाऊक नव्हते.

तळाच्या फळ्या उचलल्या. इंजिनसाठी धरणाचे पाणी आत घेणारी नळी एका कप्प्यामागे दडलेली होती. वरून धडधाकट, कोरडी. तळाची झडप बंद करून मी ती जरा हलवली, तशी ती पकडीजवळून तुटून माझ्या हातात आली. खालच्या बाजूने रबर पार चिरले होते. धरणाच्या मध्यावर हेच घडले असते, तर पाणी थेट बोटीत शिरले असते.

किसनकाकांनी नळीकडे पाहिले, मग काठाकडे. “बारा लेकरं होती,” एवढेच म्हणाले.

त्या दिवशी बोट निघाली नाही. दुपारी बाबांना फोन लावला. झाकण घाईने वाजू लागल्यापर्यंत सांगितले, तोच त्यांनी मध्ये तोडले.

“मंग? पानी पाह्यलं का नाई?”

नळीविषयी मी अजून बोललेच नव्हते.

“पाह्यलं, बाबा.”

“मंग झालं. इतकं शिकली, पन कान माहेच घेऊन फिरून राह्यली,” म्हणून ते हसले.

जुन्या सवयीमुळे मला भास झाला, हे स्पष्टीकरण मला सर्वांत सोयीचे आहे. पण तो आवाज आधी ऐकला किसनकाकांनी, आणि ‘झाकण’ हा शब्दही त्यांचाच. चिरलेले रबर पत्र्यासारखे वाजत नाही. नवी नळी बसवल्यानंतर मी ते इंजिन कितीतरी वेळा चालवले. तो आवाज पुन्हा आला नाही. मुली आता शिडे उभारायला शिकल्या आहेत.

अहवालाची प्रत माझ्याकडे आहे. दोष, कारण, दुरुस्ती — सारे रकाने नीट भरलेले. फक्त ‘दोष कशावरून लक्षात आला’ या रकान्यापुढे मी काही लिहिलेले नाही. खोटे लिहायचे नव्हते, आणि खरे लिहायला माझ्याकडे एकक नव्हते.