डोळे मिटून मारलेला टोमणा

कालच्या नाही, त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या घरी मीटिंग झाली आणि तेव्हापासून माझं डोकं तापलेलंच आहे. गिऱ्हाइकाच्या ब्लाउजला बाही उलटी लावली, भाजीत मीठ दोनदा टाकलं... म्हटलं, आता लिहूनच टाकावं.

मीटिंग म्हणजे फार मोठं काही नाही. वडवणीत आमची ख्रिस्ती घरं थोडकी, चर्चला जायचं तर बीड गाठावं लागतं. म्हणून दर रविवारी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजी टाकतो, गाणी म्हणतो, वचन वाचतो, एकमेकांसाठी प्रार्थना करतो आणि शेवटी चहा. पास्टर महिन्यातून एकदा येतात, बाकी वेळी विलासभाऊ चालवतात.

विलासभाऊ सगळ्यांत वडीलधारे. खोलीतली एकुलती एक खुर्ची त्यांची, कारण त्यांचा गुडघा दुखतो. दर रविवारी पहिली प्रार्थना विनंती त्या गुडघ्याची, आणि आम्ही मनापासून प्रार्थना करतो. 'प्रभू, भाऊंना भजी कमी खायची बुद्धी दे' असं आजवर कुणी म्हटलेलं नाही... माझ्या जिभेवर कितीदा आलं तरी.

आता रेश्माबद्दल. आमच्या मीटिंगला येणाऱ्या शांतामावशींची ही मुलगी, नेकनूरला दिलेली. नवरा मारायचा म्हणून लहान लेकीला घेऊन माहेरी आली. ती नळावर आली की बायका बोलायच्या थांबतात, त्यामुळे पोरगी घराबाहेर पडायची ती फक्त आमच्याकडे यायला. कितीतरी रविवार गप्प बसून राहिली आणि मग एकदा हळूच म्हणाली, "माझ्यासाठी बी प्रार्थना करा. झोप लागत न्हाई." एवढंच. आम्हीही जास्त खोदून विचारलं नाही.

विलासभाऊंनी मात्र विचारलं. तिला नाही... नेकनूरला फोन लावून तिच्या सासऱ्यांना!

आणि त्या रविवारी आम्ही सगळे डोळे मिटून बसलो असताना भाऊंनी सुरू केलं. "हे दयाळू पित्या, तुझ्या या लेकीला नम्र कर. तिच्या जिभेला आवर घाल. मोबाईलचा नाद सोडव. नवरा रागीट असला तरी नांदत्या घरी परत जायची बुद्धी दे..."

आमच्यात प्रार्थना चालू असताना मध्ये कुणी बोलत नाही. लहान लेकरूसुद्धा चुळबुळ थांबवतं. हे भाऊंना पक्कं माहीत. तोंडावर बोललं तर माणूस उत्तर देतो, पण देवाशी बोलणाऱ्याला कोण अडवणार? लेकी बोले सुने लागे म्हणतात ना, तसं इथे देवाला बोले आणि रेश्माला लागे.

संतापाने माझे डोळे उघडले. शेजारी शांतामावशी सवयीने मान हलवत होत्या, "हो प्रभू... हो प्रभू..." सख्खी आई! आणि रेश्मा उघड्या डोळ्यांनी आईकडे बघत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझीही जीभ उचलेना.

तेवढ्यात रेश्मा खणखणीत आवाजात म्हणाली, "आमेन!"

आता सवय ती सवय... आमेन ऐकू आलं की आमचं तोंड आपोआप उघडतं. अख्खी खोली एका सुरात म्हणाली, "आमेन!" माझे मिस्टर तर चहा टाकायला उठलेसुद्धा. भाऊंचं वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"प्रार्थना झाली न्हाई अजून," भाऊ म्हणाले.

"झाली भाऊ," रेश्मा म्हणाली. "आता डोळे उघडून माझ्याकडं बघून बोला. देवाला मधी कावून घालता? मला मार बसत व्हता तवा देव तिथंच व्हता, त्याला समदं ठाव हाय. तुमी न्हवता."

भाऊ चहा न घेता चपला घालून निघून गेले. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर त्यांचा मेसेज: प्रार्थनेचा अपमान झाला आहे, मुलीने सर्वांसमोर माफी मागावी, नाहीतर मीटिंग दुसरीकडे होईल. खाली बाकीच्यांचे जोडलेले हात. म्हणजे मार खाल्लेल्या बाईने माफी मागायची, आणि तिच्या सासरी फोन करून चौकशा करणाऱ्याने नाही? मी लिहिलं, घर माझं, सतरंजी माझी, रेश्मा इथेच बसणार. मिस्टर म्हणाले, जरा दमानं घे. कशाला घेऊ?

धास्ती एकच होती, ती आता येणारच नाही याची. एवढी एक जागा होती तिला, तीही गेली तर?

काल माणसं कमी होती, खुर्ची रिकामी होती. गाणं म्हणताना माझं सगळं लक्ष दाराकडे. दुसरं गाणं संपता संपता रेश्मा आली, लेकीचं बोट धरून. मागून शांतामावशी. मावशी रेश्माला अगदी चिकटून बसल्या.

मी रेश्माला म्हटलं, आज प्रार्थना तू कर. मनात म्हटलं, आता हाण चांगलं! तिने डोळे मिटले.

"प्रभू, विलासभाऊचा गुडघा लई दुखतो. तेवढा बरा कर. आमेन."

झालं... संपली प्रार्थना. भज्यांचा विषयच नाही.

मीही आमेन म्हटलं, पण खरं सांगते, दातओठ खाऊन म्हटलं. रेश्माचं मन मोठं आहे, माझं नाही. माझा राग अजून आहे आणि तो एवढ्यात जाऊ नये असंच मला वाटतं.

भाऊंची खुर्ची जागेवर आहे. आले तर खुशाल बसावं. फक्त एवढं लक्षात ठेवावं... आमच्या घरात आता आमेन कुणीही, कधीही म्हणू शकतं.