वखारीतलं शेवटचं पोतं

थळहून मासे घेऊन येणारी हिराबाई त्या सकाळी अलिबागला आमच्या दारात आली ती रिकाम्या हातांनी. ओटीवर टेकली आणि म्हणाली, "ताय, आत्या गेली..." त्याला आता महिना उलटून गेला.

द्वारकाआत्या माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. ऐन तिशीत विधवा झाली आणि यजमानांची थळच्या किनाऱ्यावरची कोळशाची वखार तिने स्वतः चालवायला घेतली. कनकेश्वराच्या डोंगरात कातकरी भट्ट्या लावत. तो कोळसा बैलगाड्यांनी तिच्याकडे येई आणि शिडाच्या मचव्यांतून मुंबईला जाई. दिवसभर काजळीत वावरून तिचा चेहरा असा व्हायचा, की हसली म्हणजे दात तेवढे दिसायचे. आणि हसायची फार!

एका वर्षी वळवाने लवकर गाठलं. पेटत्या भट्ट्या भिजल्या, वखार निम्मीही भरली नाही. मुंबईतही टंचाई होती. पावसाळ्यासाठी मचवे किनाऱ्यावर ओढून ठेवायच्या आत एक व्यापारी आला आणि म्हणाल त्या भावाने सगळा माल मागू लागला. नाना म्हणाले, "देऊन टाक." आत्या म्हणाली, "आणि पावसाळाभर गावाने चुलीत काय घालायचं? वाळू?" व्यापाऱ्याचा मचवा रिकामाच परत गेला. नानांनी पुढे कितीतरी दिवस अबोला धरला.

पाऊस लागला तो उघडेचना. आत्याने हात आखडता घेतला. बागायतदाराचं घर असो की कोळ्याचं, टोपली सगळ्यांना सारखीच. गणपतीच्या तोंडावर वखारीत एकच पोतं राहिलं, ते तिने घरच्या मोदकांसाठी ठेवलं होतं. मी तेव्हा थळला माहेरी आले होते. चतुर्थीच्या आदल्या दिवशी हिराबाई चिंब भिजून धावत आली. तिची सून नुकतीच बाळंत झालेली, घरातली लाकडं ओली, आणि पोर गार पडत चाललेलं. "आत्या, शेगडीला कोळसा न्हाय गो..."

आत्याने पोत्यावर घोंगडी टाकली, एक टोक स्वतः धरलं, दुसरं हिराबाईला दिलं, आणि दोघी भर पावसात कोळीवाड्याकडे निघाल्या. परतली ती संध्याकाळी, ओलीगच्च. "दूध ओढायला लागलंय पोर," एवढंच म्हणाली.

अबोला विसरून नाना कडाडले, "उद्या गणपती! नैवेद्याचं काय?"

"गूळपोहे दाखवू. देव कुडकुडत नाहीये, नाना."

सकाळी पाहते तर विळी घेऊन नारळ खवायला नानाच बसलेले! त्या दिवशी बहीणभाऊ पुन्हा नीट बोलू लागले. हिराबाईचा तो नातू आता बापाबरोबर होडीवर जातो.

आत्याची एक सवय माझ्या हातात उतरली आहे. शेगडीत घालण्याआधी ती कोळशाचे दोन तुकडे कानाशी धरून एकमेकांवर वाजवायची. खणकन आवाज आला तर नीट भाजलेला. काल शेगडी भरताना मीही वाजवून पाहिले. स्वच्छ, काचेसारखा आवाज आला. "ऐकलंस, आत्या?" म्हणत मी मागे वळले...