डावा पाय का सुजला

डॉक्टरांनी माझ्या घोट्याच्या वर अंगठा दाबला आणि काढला. खड्डा तसाच राहिला... आम्ही सगळे त्या खड्ड्याकडे बघत होतो.

"हा पाय तर चांगला होता ना?" डॉक्टर म्हणाले.

जखम उजव्या पायाला होती. सुगीत भाताच्या भाऱ्यांची बैलगाडी उतारावर कलंडली आणि चाक नडगीवरून गेलं. हाड वाचलं, पण मांस उघडं पडलं होतं आणि भरत नव्हतं. आता डावा पायही सुजला होता.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मराठी घेऊन बी.ए. करत होतो, दिवाळीच्या सुट्टीत खालापूरकडच्या आमच्या गावी आलो होतो. डॉक्टर कर्जतहून मोटरसायकलवर यायचे.

त्यांनी माझी लघवी काचेच्या नळीत घेऊन तापवली. ती गढूळ झाली नाही. किडनी ठीक आहे म्हणाले... चेहरा मात्र ठीक नव्हता. मग सगळ्यांना बाहेर काढून त्यांनी मला हळूच विचारलं, "लिव्हर बिघडलं तरी असे पाय सुजतात. दारू घेतोस का? खरं सांग." मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नाही, हे मला दिसलं.

आईने दाराआडून ऐकलं होतं. डॉक्टर गेल्यावर ती पांघरूण सारखं करायला वाकली आणि तिने माझ्या तोंडाचा वास घेतला.

त्यानंतर घरात प्रत्येकाची कुणावर तरी नजर होती. आईची माझ्यावर. आत्याचा संशय मला बघून गेलेल्या एका बाईवर, कारण ती उंबऱ्यात थांबून "पोरगा तरी बरा दिसतो" म्हणाली होती. माझा संशय डॉक्टरांच्या इंजेक्शनवर... सुई सुरू झाली आणि सूज आली, एवढंच मला दिसत होतं.

"कालेजातलं कातडं हाय रं, सावकाश भरतं," असं आत्या म्हणायची आणि माझ्यावरून मीठ-मिरच्या उतरवायची.

डॉक्टरांनी रक्त काढून कल्याणच्या लॅबमध्ये पाठवलं. "आधीच किती सांडलं, आनी तुमी वर अजून नेताय," आई म्हणाली. डॉक्टर हसले नाहीत. ओटीवर जाऊन त्यांनी वडिलांना सांगितलं, जखम अशीच राहिली तर मुंबईला न्यावं लागेल, आणि तिथे पाय काढावा लागला तर तयारी ठेवा. आत मला सगळं ऐकू आलं.

रिपोर्ट आला तेव्हा मी जेवत होतो. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रथिन फार खाली गेलंय, एवढं म्हणून डॉक्टर थांबले. ते माझ्या ताटाकडे बघत होते.

"हे काय?"

"पेज," आई म्हणाली.

"बरोबर?"

"मीठ."

"आणि रात्री?"

"पेजच की. जखम हाय ना. डाळ दिली, मासळी दिली, की पू धरतो. आमी काय खुळे नाय."

आमच्याकडे जखमी माणसाचं हेच पथ्य होतं. डाळ नाही, कडधान्य नाही, अंडं-मासळी तर नाहीच. मलाही कधी काही वेगळं मागावंसं वाटलं नव्हतं. पहिल्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, खाण्यापिण्याची काळजी घ्या... आईने घेतली होती.

डॉक्टर खाटेवर बसले. मोठा मार लागला की लिव्हर नेहमीचं काम मागे ठेवतं, म्हणाले. जखमेशी लढायला लागणारी प्रथिनं आधी बनवतं, अल्ब्युमिन कमी. शिवाय जखमेतून रोज झिरपतं ते वेगळं. रक्तातलं पाणी रक्तात धरून ठेवतं ते अल्ब्युमिनच... ते घटलं की पाणी बाहेर पडून पायात उतरतं.

"हे थोडंफार प्रत्येक जखमी माणसाचं होतं, मावशी. पण नवं बनवायला शरीराला सामान लागतं, डाळ, अंडं, मासळी. ते याला मिळालंच नाही."

"म्हंजे मी केलं?"

डॉक्टरांनी रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाले, "काय खातो हे मी आधी विचारायला हवं होतं. मी दारूचं विचारत बसलो."

"आनी पू झाला तर? धुवाया तुमी येनार?"

"येईन."

आईला पटलं नव्हतं. तिने फक्त माझ्या पुढ्यातलं ताट उचललं.

पाय राहिला. जखम भरायला हिवाळा गेला, नडगीवरचा व्रण अजून हाताला लागतो. तेव्हा मला घरातल्या सगळ्यांचा राग आला होता... ती माणसं एकमेकांवर संशय घेत होती ती माझ्या पायासाठी, हे पुष्कळ नंतर लक्षात आलं.

रिपोर्ट आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मसुराची घट्ट आमटी केली होती. वाटी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः उजव्या पायावरच्या पट्टीकडे बघत बसली. मी जेवून हात धुतले, तरी ती तिथून हलली नाही.