नगण्य म्हणजे किती

माझ्या बहिणीला अभ्यासाला शत्रू लागतो. विद्यापीठात ती क्रिप्टोग्राफीचा, म्हणजे मजकूर गुपित ठेवण्याच्या गणिताचा, पाया शिकते, आणि तिथल्या बऱ्याचशा सिद्धता "समजा, एक शत्रू आहे" अशा सुरू होतात. ताई वाचते मोठ्याने. एकदा शेजारच्या काकूंनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "अरे, तुमच्यात काही वाद चाललाय का?"

मी भाजी मार्केटात वजनकाट्यावर असतो. हे सगळं माझ्या डोक्यावरून जातं, पण ताई पिच्छा सोडत नाही. अमुक कुलूप कधीच फुटणार नाही असं त्यांच्यात कोणी म्हणत नाही म्हणे. फुटण्याची शक्यता नगण्य आहे, एवढंच सिद्ध करायचं. आणि नगण्य म्हणजे नुसती थोडी नव्हे. किल्ली जराशी लांब केली की ती शक्यता अशी कोसळत जाते, की शत्रूने जन्म घालवला तरी हाती काही लागू नये. हा शब्द ती फार जपून वापरायची. चहात साखर नगण्य आहे असं मी एकदा म्हणालो, तर माझ्यावर खेकसली.

बाबा त्याच मार्केटात लिलाव पुकारायचे. त्यांना सगळे भोंगा म्हणतात, खरं नाव कोणाला आठवतही नसेल. घशातली गाठ वाढली तेव्हा सर्जन म्हणाले, काढून टाकू. बाबांनी एकच विचारलं, "आणि आवाज?"

"आवाजाला धोका नगण्य आहे."

बाबा घाबरले होते. ते सर्जनकडे न बघता ताईकडे बघत राहिले. आणि ताईचा चेहरा खुलला. तिच्या ओळखीचा शब्द होता ना! "बाबा, नगण्य म्हणतायत ते. मग काळजीच नाही. करा सही." नगण्य म्हणजे किती, हा प्रश्न विचारून घरात आम्हाला भंडावून सोडणारी ही बाई, तिथे तो विचारायचा विसरली.

गाठ निघाली आणि आवाज गेला. उरली नुसती कुजबुज. सर्जनना वाईट वाटत होतं. "शंभरात एखाद्याचं होतं असं," ते म्हणाले.

"आमच्यात याला नगण्य म्हणत नाहीत," ताई पुटपुटली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "तुमच्यात! बाबा काय तुमच्या वर्गात बसतात? तू घालवलास त्यांचा आवाज!" दवाखान्यातली माणसं बघायला लागली. त्यानंतर मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचो. राग मला सोडवत नव्हता, खोटं कशाला बोलू?

ज्याच्या मालाचा लिलाव बाबा पुकारायचे, त्या अडत्याने त्यांना कामावर ठेवलं, पण लिलाव कोणीतरी पुकारला पाहिजे या अटीवर. मला काटा सोडता येत नव्हता. मग ताईच उभी राहिली. आम्हाला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. व्यापाऱ्यांचे बोलीचे हातवारे बाबाच हेरायचे आणि तिच्या कानात कुजबुजायचे. ती लिलावाच्या ओट्यावरून ते जसंच्या तसं ओरडायची, मध्ये विचार न करता. बाबांना ठसका लागला की कोणीतरी म्हणायचंच, "पोरी, तेही पुकार की!" सगळे हसायचे. ताई नाही.

परीक्षा जवळ आली तसे बाबा घरी तिच्या मागे लागले. वर्ष वाया घालवू नकोस, पुस्तकं खाली काढ.

"तो शब्द आता मला वाचवत नाही, बाबा," ती म्हणाली. "तो लिहून पास कोणत्या तोंडाने होऊ?" बाबांना वाद घालायला आता आवाज नव्हता. ते उठून गॅलरीत गेले.

परीक्षेच्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी ओट्यावर हजर. मी खाली, हाताच्या अंतरावर काट्याशी. कोबीचा ढीग गेला. टोमॅटोचा पुढे आला. बाबा तिच्या कानाशी वाकले.

"आज हिचा पेपर आहे!" ताई खणखणीत आवाजात ओरडली.

मग मागून कोणीतरी विचारलं, "कितीला दिला?" आणि एकच हशा पिकला. आपण काय ओरडलो ते ताईला तेव्हा कळलं. "बाबा, भाव सांगा ना," ती काकुळतीला आली.

बाबांनी पुन्हा तिच्या कानाशी तोंड नेलं. या वेळी तिचे नुसते ओठ हलले. व्यापारी ओरडायला लागले, काय म्हणतोय भोंगा, जरा मोठ्याने! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि शब्द काही फुटत नव्हता. बाबा तसेच वाकून उभे. ते दुसरं काहीच सांगणार नव्हते.

त्यांची कुजबुज मला ऐकू आली होती. मी काटा तसाच टाकून ओट्यावर चढलो आणि माझ्या फाटक्या आवाजात ती जशीच्या तशी पुकारली,

"हिने माझा आवाज घालवलेला नाही! वाट द्या हिला!"