दाभण डाव्या हातात

अनवरीला धुळ्यात गादीवाली म्हणून ओळखतात. पांझरेकाठच्या रस्त्यावर तिच्या मुलाचं, फैजचं, कापूस पिंजण्याचं यंत्र आहे. तो जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून देतो आणि ही घरोघरी जाऊन गादी शिवते. शिवते डाव्या हातानं. लग्नाच्या गादीला डावा हात नको म्हणणाऱ्या बायका आमच्या गल्लीत अजून आहेत. शिकलेल्या आहेत, हे विशेष.

तिचं माहेर पाचोऱ्याचं. लहानपणी बापानं तिचा डावा हात चिंधीनं पाठीशी बांधला. उजव्यानं ती शिकली, पण टाके वाकडेच. सून म्हणून धुळ्याला आली तेव्हा सासूनं ते टाके पाहिले आणि म्हणाली, "टाका सरळ येऊ दे बाई, मंग भलं पायानं घाल." तेव्हा कुठे हात सुटला. नवरा अय्युब उजवा. दोघं एकाच गादीवर शिवत. ती त्याच्या डावीकडे बसे, म्हणजे कोपराला कोपर लागत नसे. तो जाऊन वर्षं झाली, तरी ही शिवायला बसते ती उजव्या अंगाला जागा सोडूनच.

यंदा दिवाळीआधी माझ्या पडवीत गादी शिवताना तिची नजर भिंतीवरच्या चित्राकडे गेली. माझ्या भावानं पुण्याच्या जुन्या बाजारातून आणलेलं एचिंग आहे ते. दीडशे वर्षांपूर्वी कुणा गोऱ्या साहेबानं तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेलं. पांझरेचा काठ, त्यावर लोहार, धोबी, धनुकलीनं कापूस पिंजणारा पिंजारी, आणि कडेला गोधडी शिवणारी एक बाई.

"अक्का, हाऊ पिंजारी डावा शे," अनवरी म्हणाली. "लोहारबी. धोबीबी. बठ्ठा डावा शेतस."

सगळेच डावे, हे सांगताना होती इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. कारण होतं. तिची नात मिसबाह यंदा शाळेत जायला लागली. डाव्या हातात पेन्सिल धरते म्हणून फैज त्या हातावर पायमोजा चढवून ठेवतो. अनवरीचं त्याच्यापुढे काही चालेना.

"आज त्याले सांगसू," ती म्हणाली. "आपला पूर्वज डावाच व्हतात."

मला काही गप्प बसवेना. अशा चित्रात पत्र्यावर जे डावीकडे कोरतात ते कागदावर उजवीकडे उमटतं. कोपऱ्यातली साहेबाची सहीसुद्धा उलटी आहे. मी सांगून टाकलं. "ही माणसं उजवीच होती, अनवरी. चित्र उलटं छापलं गेलंय."

तिनं दाभण गादीत टोचून ठेवलं. "उद्या सांगतीस तं काय बिघडतं, अक्का?"

"उद्या सांगितलं असतं तर खरं बदललं असतं का?"

"नही. पन एक रात तरी मोजा निंघता."

निदान माझा शब्द तरी खरा ठरावा म्हणून मी आतून आरसा आणला आणि चित्रासमोर धरला. आरशात सही सरळ झाली. लोहार, धोबी, पिंजारी, तिघांचे उजवे हात कामाला लागले. मी आरसा खाली घेणार, तोच तिनं माझं मनगट धरलं.

"हाई पाहा."

बोट गोधडीवाल्या बाईवर होतं. कागदावर तिची सुई उजव्या हातात होती, चारचौघींसारखी, म्हणून आम्ही दोघींनी तिच्याकडे धड पाहिलंच नव्हतं. आरशात ती सुई डाव्या हातात होती.

संध्याकाळी फैज आईला न्यायला आला, गाडीवर पुढे मिसबाह, डाव्या हातावर मोजा. अनवरीनं त्याला आधी चित्र दाखवलं, मग आरसा हातात दिला. त्यानं बराच वेळ पाहिलं.

"एवढ्या लोकांत एकच आहे, अम्मी."

"एकच शे. आन् तिना हात कोनी बांधेल नही."

आरसा कुठे ठेवू, एवढंच फैजनं मला विचारलं. तोवर अनवरी गादीच्या उरलेल्या कोपऱ्याकडे वळली होती. डोळ्यांना दिसत नाही म्हणत तिनं दाभण आणि दोरा नातीपुढे धरला. सकाळपासून स्वतःच ओवत होती. पोरीनं बापाकडे पाहिलं. मग दातांनी मोजा ओढून काढला.

फैजनं तो उचलला आणि खिशात घातला.